पान उघडल्यावर बोट कुठे जाईल? वापरणाऱ्याचा हेतू आधी ओळखायला शिकणाऱ्यांसाठी

छोट्या धंद्यांची वेबपानं करून देणाऱ्यांसाठी, किंवा स्वतःच्या धंद्याचं पान स्वतःच सांभाळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. डिझाइनची पदवी लागत नाही, प्रोग्रॅमिंगही जवळपास लागत नाही. एक शिस्त मात्र लागते. लोकांनी पानावर काय केलं हे बघायच्या आधी, ते काय करतील याचा आपला अंदाज लिहून काढायचा.

नवखा माणूस बहुतेक वेळा उलट करतो. आधी हीटमॅप (लोकांनी पानावर जिथे जास्त दाबलं तिथे लाल डाग दाखवणारा नकाशा) उघडतो, लाल डाग बघतो आणि म्हणतो, ‘हे तर होणारच होतं.’ हीटमॅप कुणाच्याही मताला मान डोलावतो. फोटो मोठा करायचा असेल तर त्यात कारण सापडतं, आणि काढून टाकायचा असेल तरी सापडतं. अंदाज आधी लिहिलेला असला तर तो चुकतो, आणि कुठे चुकला ते नेमकं दिसतं. पान सुधारण्याचं खरं काम तिथून सुरू होतं.

सगळीकडे एकच उदाहरण धरतो: देवगडच्या बागायतदाराचं, हापूस थेट घरपोच विकणारं पान. वर बागेचा मोठा फोटो, खाली ‘आमच्याविषयी’, मग उत्पादनं, शेवटी फोन नंबर. अशी पानं तुम्ही पाहिली असतीलच.

हाताशी काय हवं

– पानाचे स्क्रीनशॉट, मोबाइलवरचे. कॉम्प्युटरवर बघायचं असेल तर ब्राउझरमध्ये रुंदी ३६० पिक्सेलच्या आसपास ठेवा.
– गिऱ्हाइकांनी व्हॉट्सॲपवर आणि फोनवर विचारलेले प्रश्न, त्यांच्याच शब्दांत.
– गूगल सर्च कन्सोलचा प्रवेश. लोक काय शोधून पानावर आले ते तिथे दिसतं.
– मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी किंवा तसं दुसरं साधन, म्हणजे लोकांनी पानावर काय केलं त्याचं रेकॉर्डिंग आणि हीटमॅप दाखवणारं. क्लॅरिटी फुकट आहे, त्यामुळे सुरुवातीला तेच पुरतं.
– वही किंवा एक्सेलची शीट.
– पान आधी न पाहिलेली चार-पाच माणसं. घरातली नकोत, कारण सांगतो पुढे.
– पानावर गोपनीयतेची सूचना. नसेल तर क्लॅरिटी जोडण्याआधी लिहा.

१. आधी येणारा माणूस, मग पान

आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ साली इंटरनेटवरच्या शोधांची तीन गटांत मांडणी केली: माहिती हवी असलेले, ठरावीक ठिकाणी पोचायचं असलेले, आणि काहीतरी उरकायचं असलेले. ही वाटणी आजही कामाची आहे, पण ढोबळ आहे. ‘माहिती हवी’ एवढ्यावरून पानावर काय वर ठेवायचं ते ठरत नाही. म्हणून व्हॉट्सॲप उघडा आणि खरे प्रश्न उतरवून घ्या. आंब्याच्या पानाचे साधारण असे निघतील:

‘आज डझनाला काय दर?’
‘खरा देवगड का? की कर्नाटकचा?’
‘कार्बाइड नाही ना?’
‘कच्चा येणार की तयार?’
‘नागपूरला पाठवता का?’
‘परवा पैसे भरले, पेटी कुठवर आली?’

हे सहा हेतू आहेत आणि प्रत्येकामागचा माणूस निराळा. दर विचारणारा चार पानं उघडून तुलना करतोय. ‘खरा देवगड का’ म्हणणारा एकदा फसलेला आहे; त्याला बागेचं नाव, गावाचं नाव, भौगोलिक मानांकनाचा उल्लेख बघायचाय (कोकणातल्या हापूसला ते २०१८ साली मिळालं). शेवटच्याला काहीच विकत घ्यायचं नाही, त्याला फक्त जिवाची घालमेल थांबवायची आहे. गंमत म्हणजे बहुतेक पानांवर या शेवटच्या माणसासाठी काहीही नसतं, आणि हंगामात सगळ्यात जास्त फोन त्याचेच येतात.

हे प्रश्न किती वेळा आले त्या क्रमाने लावा. वरचे तीन धरा. सहाही हेतूंना पहिल्या पडद्यावर, म्हणजे पान न सरकवता दिसतं तेवढ्यात, जागा देऊ पाहाल तर एकालाही मिळणार नाही.

२. मजकूर पुसून पान बघा

गिटे लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिलं की पान दिसायला चांगलं की वाईट, हे मत माणूस ५० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात बनवतो. एवढ्यात कुणी एक ओळही वाचत नाही. पोचतात ते रंग, आकार, दाटी आणि मोकळी जागा.

म्हणून स्क्रीनशॉट फोटोच्या कुठल्याही ॲपमध्ये टाका आणि अक्षरं वाचता येणार नाहीत इतका धूसर करा. आता जे ठळक उरलं ते लिहा. आंब्याच्या पानावर बहुधा हिरव्या बागेचा मोठा पट्टा, एक पिवळा गोळा आणि उजव्या कोपऱ्यात व्हॉट्सॲपचं हिरवं चिन्ह एवढंच उरेल. दर कुठेय? कुठेच नाही. हे पान त्या क्षणी ‘कोकणात फिरायला या’ असं म्हणतंय. पर्यटनाच्या पानाचा आणि याचा धूसर आकार एकच.

डोळा कशाकडे ओढला जातो याचं गणितही झालेलं आहे. इट्टी, कोख आणि नीबर यांनी १९९८ साली रंग, उजेडातला फरक आणि रेषांची दिशा यांवरून चित्रातली लक्षवेधी ठिकाणं काढणारं मॉडेल मांडलं. आज स्क्रीनशॉट दिला की नजरेचा नकाशा काढून देणारी एआयवरची साधनं मिळतात, ती याच परंपरेतली.

इथे पहिला मोठा सापळा आहे. नजर ओढली जाणं म्हणजे हेतू नव्हे. आल्फ्रेड यार्बुस या रशियन संशोधकाने माणसांना इल्या रेपिनचं एकच चित्र दाखवलं आणि प्रत्येक वेळी वेगळा प्रश्न दिला: या कुटुंबाची सांपत्तिक स्थिती कशी असेल, या लोकांची वयं काय असतील. चित्र तेच, पण प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलली. इंग्रजीत हे काम १९६७ साली आलं आणि आजही त्याला तोड नाही. नजरेचे नकाशे काढणारी साधनं बहुतेक करून काहीही काम न देता चित्र बघणाऱ्या माणसांच्या नोंदींवर शिकलेली असतात. तुमच्याकडे येणारा माणूस दर शोधत येतो. तो बागेच्या फोटोवरून डोळा सरकवत आकडा हुडकणार. तेव्हा असा नकाशा ‘रिकामा वेळ असलेला माणूस काय बघेल’ इतपतच धरा.

याची दुसरी बाजू बॅनरची. बेनवे आणि लेन यांनी १९९८ साली नोंदवलं की पानावरचा सगळ्यात ठळक पट्टाही लोक बघत नाहीत, कारण तो जाहिरातीसारखा दिसतो. लाल-पिवळ्या चौकटीत ‘आजचा दर’ लिहिलात, तर तोच दर शोधणारा माणूस त्याला वळसा घालून जाऊ शकतो. साध्या काळ्या अक्षरात, आंब्याच्या फोटोला लागून लिहिलेला दर जास्त सापडतो.

३. अंदाज लिहा, आणि पेनानेच लिहा

प्रत्येक हेतूसाठी पाच ओळी. नमुना देतो.

हेतू: आजचा दर, आणि माल आहे का.
पहिली नजर: बागेचा फोटो, मग त्यावरचं मोठं अक्षर.
पहिला स्पर्श: ‘आमची उत्पादने’.
अडेल कुठे: यादीत दर नाही, फक्त ‘संपर्क करा’.
मग काय करेल: मागे जाईल, नाहीतर हिरवं चिन्ह दाबून ‘रेट?’ एवढंच लिहील.

चौथी आणि पाचवी ओळ टाळू नका. ‘फोटो बघेल’ हा अंदाज कधी चुकतच नाही, म्हणून त्याचा उपयोगही नाही. ‘इथे अडेल आणि हे करेल’ हा तपासता येतो.

अंदाज कशावरून बांधायचा? तीन गोष्टी सतत बघा. एक, जवळीक. जे जवळ आहे ते एकाचं, असं डोळा गृहीत धरतो. एका फोटोचा मजकूर दुसऱ्या फोटोला चिकटला असेल तर लोक चुकीचा आकार मागवतात. दोन, दाबता येतं असं काय दिसतं. मोबाइलवर गोल कोपऱ्यांची रंगीत चौकट म्हणजे बटण, अशी सवय झालेली आहे. ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेला’ हे वाक्य तसल्या चौकटीत टाकलंत तर लोक ते दाबत बसणार. आणि उलट, नुसत्या काळ्या अक्षरातला फोन नंबर कुणी दाबणार नाही, तो कागदावर उतरवून घेतील. तीन, अंतर आणि आकार. पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेला नियम असा की लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. वेबच्या सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांसह सगळ्यांना पान वापरता यावं यासाठीचे, निकष (आवृत्ती २.२) किमान २४ पिक्सेलचं लक्ष्य मागतात, गूगल अँड्रॉइडसाठी ४८ सुचवतं. बोटाने वापरायच्या पानावर मी दुसरा आकडा धरतो.

‘इंग्रजी एफच्या आकारात लोक वाचतात’ हे तुमच्या कानावर येईलच. याकोब नीलसन यांनी २००६ साली २३२ माणसांच्या नजरा टिपून ते सांगितलं होतं, आणि ते खोटं नाही. पण तो आकार दिसतो तो मुख्यतः सलग, उपमथळे नसलेल्या मजकुरावर. तो नियम समजून सगळं डावीकडे कोंबू नका.

४. पाच सेकंद आणि पहिलं बोट

आता माणसं बोलवा. दोनच कसोट्या.

पहिली: स्क्रीनशॉट पाच सेकंद दाखवा, झाका, आणि विचारा: ‘हे पान कशाचं? इथे काय करता येईल?’ उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या. ‘कोकणात राहायची सोय’ असं उत्तर आलं तर धूसर चित्राने सांगितलं होतं तेच खरं ठरलं.

दुसरी: काम द्या आणि पहिलं बोट कुठे टेकतं ते बघा. बॉब बेली आणि कॅरी वुल्फसन यांच्या अभ्यासात पहिला क्लिक बरोबर पडला की काम तडीस जाण्याचं प्रमाण ८७ टक्के होतं, चुकीचा पडला की ४६. म्हणून पहिला स्पर्श टिपला तरी अर्ध्याहून अधिक गोष्ट हाती येते.

काम सांगताना पानावरचे शब्द वापरायचे नाहीत. ‘ऑर्डर करा’ असं बटण असेल आणि तुम्ही ‘ऑर्डर कशी कराल?’ विचारलंत, तर माणूस फक्त शब्द जुळवेल. असं सांगा: ‘तुमच्या मावशीला नाशिकला दोन डझन आंबे पाठवायचेत, काय कराल?’

आणि ‘आवडलं का?’ हा प्रश्न मेहेरबानी करून विचारू नका. आपल्याकडे त्याचं एकच उत्तर आहे, ‘छान आहे’, आणि घरचे लोक तर त्यावर ‘रंग जरा बदल’ एवढंच जोडतात. शिवाय देखणेपण फसवतं. कुरोसू आणि काशिमुरा यांनी १९९५ साली जपानमध्ये एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या २५२ लोकांना दाखवल्या. जी मांडणी सुंदर वाटली तीच वापरायला सोपीही वाटली, प्रत्यक्षात सोपी असो वा नसो. म्हणून मत विचारायचं नाही, बोट बघायचं.

पाच माणसांवरून टक्केवारी काढू नका. पाचांतल्या तिघांनी चूक केली म्हणजे ‘६० टक्के लोक चुकतात’ असं होत नाही. इथे फक्त अडचणी सापडतात, त्यांचं प्रमाण नाही.

५. खरी वर्दळ बघा

क्लॅरिटीचा छोटा कोड पानाच्या हेडमध्ये (कोडच्या वरच्या, पडद्यावर न दिसणाऱ्या भागात) टाकायचा, वर्डप्रेस असेल तर प्लगइन मिळतं. खोक्यांत टाइप केलेलं ते आपणहून झाकतं, तरी पत्ता आणि फोन नंबर पानावर दिसत असतील तर तेही झाकले जातायत ना, हे एका रेकॉर्डिंगमध्ये स्वतः तपासा.

तीन खुणा बघा. काहीच न घडणाऱ्या जागी दाबलं गेलं, ते दाबता येण्यासारखं दिसत होतं. एकाच जागी रागाने भराभर दाबलं गेलं, तिथे काहीतरी अडकलं किंवा हळू चाललं. आणि आत जाऊन लगेच मागे आले, म्हणजे दुव्याच्या नावाने एक कबूल केलं आणि आत दुसरंच निघालं.

मोबाइल आणि कॉम्प्युटर वेगळे करून बघा, नाहीतर दोन निराळे हेतू एका डागात मिसळतात. व्हॉट्सॲपवरून आलेली माणसं बरेचदा ‘थेट आलेले’ म्हणून मोजली जातात. तुम्ही पाठवता त्या लिंकला यूटीएमची शेपटी (माणूस कुठून आला ते सांगणारे, लिंकच्या शेवटी जोडायचे शब्द) जोडली तर ती वेगळी दिसतील. व्हॉट्सॲपवरून आलेल्याला तुमच्यावर विश्वास ठेवायचं कारण आधीच कुणीतरी दिलेलं असतं, गूगलवरून आलेल्याला नाही. एकाच पानावर त्यांची बोटं वेगळीकडे जातात.

वर्दळ थोडी असेल तर हीटमॅप सोडा आणि रेकॉर्डिंग बघा. कंटाळवाणं आहे, पण वीस मिनिटांत जे कळतं ते चार्टवर कळत नाही.

लाल डाग म्हणजे यश, हा दुसरा मोठा सापळा. ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ यावर भरपूर क्लिक पडत असतील तर तो भाग लोकप्रिय नाही. तिथलं उत्तर वर कुठेतरी असायला हवं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

६. दोन रकाने शेजारी ठेवा, आणि एकच बदल करा

डावीकडे तुमचा अंदाज, उजवीकडे जे घडलं ते. तफावत तीन प्रकारची निघते.

हेतू बरोबर, जागा चूक: माणूस दरच शोधत होता, पण तुम्हाला वाटलं तिथे शोधला नाही. दर हलवा. हेतूच चूक: तुम्ही दर धरला होता, आणि लोक पिनकोड कुठे टाकायचा ते शोधत होते. वरच्या तीन हेतूंची यादी बदला, पान नंतर. तिसरी तफावत सगळ्यात चिवट: दोन्ही बरोबर, तरी माणूस निघून गेला. तिथे डिझाइनचा दोष नसतो, दर जास्त असतो किंवा नागपूरला माल जात नाही. ते मालकाला सांगायचं आणि रंग बदलत बसायचं नाही.

एका वेळी एकच बदल, आणि तो कधी केला त्याची नोंद. आंब्याच्या बाबतीत ‘बदलाआधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा’ ही तुलना जवळपास निकामी आहे. पाडव्याला दर एक असतो, अक्षय्य तृतीयेला वेगळा, आणि मे महिन्यात उतरलेला. मागणी त्याच्याबरोबर हलते. ऑर्डरी वाढल्या त्या बटणामुळे की दर उतरल्यामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून ऑर्डरी मोजण्याऐवजी ‘दर न सापडता मागे गेलेले किती’ किंवा ‘रेट?’ एवढाच मेसेज किती आला, असं हेतूला चिकटलेलं माप धरा. ते बाजारभावाबरोबर कमी हलतं.

७. मराठी पानाचे खास अडथळे

परदेशी लेखांत हे मिळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर.

देवनागरीत इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरं नाहीत. इंग्रजी पानावर कॅपिटल अक्षरांनी जो ठळकपणा येतो, तो आपल्याला आकार, जाडी आणि मोकळ्या जागेतून आणावा लागतो. तयार साच्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर ते आधी शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि मथळा तुकड्यातुकड्यांचा दिसतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा. वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात. पानाची भाषा कोडमध्ये ‘मराठी’ अशी नोंदवा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात, हिंदीचे नाही. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता फुकट आहे आणि त्यात बऱ्याच जाड्या आहेत. सुरुवातीला तोच घ्या.

बटणावरचं वाक्य लांब झालं की दोन ओळींत मोडतं आणि बटण बटणासारखं दिसेनासं होतं. ‘आपली मागणी येथे नोंदवा’ पेक्षा ‘आंबे मागवा’ बरं. आणि ‘उत्पादने’ हा शब्द आंब्याच्या पानावर कशाला? ‘आंबे आणि दर’ लिहा. तो दुवा कुणी वगळणार नाही.

रंगाचं सांगायलाच हवं, कारण आंब्याच्या प्रत्येक पानावर तेच होतं: पिवळं बटण, पांढरी अक्षरं. सुगम्यतेचे निकष अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडात साध्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या मजकुराला ३ : १ इतका फरक मागतात. हापुसी पिवळ्यावर पांढरं यातलं काहीच पाळत नाही. उन्हात, अंगणात उभं राहून फोन बघणाऱ्याला ते बटण रिकामं दिसतं. पिवळं ठेवा, अक्षरं गडद तपकिरी करा.

दराचा तक्ता चित्र म्हणून टाकू नका. फोनवर तो बारीक होतो, गूगलला नीट वाचता येत नाही आणि दृष्टिहीन माणसाला तर काहीच मिळत नाही.

८. हेतू ओळखला म्हणून वाटेल ते करायचं नाही

माणूस घाईत आहे हे ओळखलं की ‘फक्त २ पेट्या शिल्लक’ असं खोटंच लिहायचा मोह होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार नावानिशी दिले आहेत. खोटी निकड, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, शेवटच्या पायरीवर वाढवलेला दर, सगळं त्यात आहे. घरपोच पाठवण्याचा खर्च पहिल्याच दराशेजारी लिहा. शेवटी दाखवलात तर नियमही मोडतो आणि क्लॅरिटीत तिथूनच लोक परत फिरताना दिसतील.

वापरणाऱ्यांच्या हालचाली टिपता, तर तसं पानावर साध्या मराठीत सांगा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ सालचा आहे आणि छोट्या धंद्याला तो लागू नाही असं समजू नका.

९. हंगाम संपल्यावर

जूनमध्ये आंबा नसतो, पण पान असतं आणि लोक येत राहतात. तेव्हा ‘आज डझनाला काय दर’ हा हेतू यादीत खाली जातो. वर येतं ‘पुढच्या वर्षी कधी सुरू होणार’, आणि पेटी खराब निघाली असेल तर ‘पैसे परत कसे मिळतील’. जुने दर तसेच राहिले तर ऑगस्टमध्येही कुणीतरी पैसे भरतं, आणि मग परत पाठवायची कटकट. पहिला पडदा बदला: ‘या वर्षीचा आंबा संपला’, खाली नंबर नोंदवायचं एकच खोकं, आणि तक्रारीसाठी वेगळा दुवा. अंदाजाच्या पाच ओळी नव्याने लिहा आणि जुनी शीट ठेवून द्या. फेब्रुवारीत पान पुन्हा उघडाल तेव्हा उजवा रकाना भरलेला असेल आणि पहिल्या हेतूंसाठी व्हॉट्सॲप पुन्हा पालथं घालावं लागणार नाही.